चोआ चू कांगच्या कबरस्थानात : डेव्हिड मार्शल यांची आठवण



सिंगापूरला जाऊन आलेली आपली मंडळी परत आली की काय काय सांगतात! रस्ते आरशासारखे स्वच्छ, च्युइंगम विकायला बंदी, विमानतळातच धबधबा. जरा धार्मिक वळणाची असतील तर वॉटर्लू स्ट्रीटवरच्या मघाईन आबोथ मशिदीत तेफिला केली, ऑक्स्ली राइजवरची खेसेद एल पाहिली, हेही सांगतात. चोआ चू कांगचं नाव मात्र कोणी काढत नाही. साहजिक आहे. ते पडलं बेटाच्या पार वायव्येला, पर्यटकांच्या बसा तिकडे वळत नाहीत. आमची लेक आणि जावई नोकरीनिमित्त तिथे राहतात, म्हणून आम्हा उभयतांचा मुक्काम तिथे दोन महिने पडला.

आधी नावाची गंमत सांगतो. ही चिनी लोकांची तेओच्यू बोली. पूर्वी या भागात मिरी आणि गांबियरचे मळे होते, नदीकाठाने वस्त्या होत्या. काठाला म्हणायचे ‘कांग’, त्या वस्तीच्या मुखियाला ‘कांगचू’, आणि इथला मुखिया चुआ आडनावाचा. म्हणून हे चुआचं गाव. आपल्याकडे गावावरून आडनाव पडलं, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. आणि यांच्याकडे आडनावावरून गाव पडलं. आम्ही हे नातवाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सबा, मग आपण परत गेलो तर गाव आपल्याला ओळखेल का?” पोरं कधी काय विचारतील नेम नाही.

आता तिथे मळेबिळे काही नाहीत. उंच उंच इमारती, खाली व्हॉइड डेक म्हणतात तो मोकळा तळमजला, तिथे म्हातारी माणसं पंख्याखाली बसलेली. पण गावापासून बसने पश्चिमेला निघालं की इमारती मागे पडतात, झाडी लागते आणि मग रस्त्याच्या कडेने कबरीच कबरी सुरू होतात. चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू, पारशी, बहाई, सगळ्यांचे वेगवेगळे भाग. त्यातच यहुदी कबरस्थान आहे. सिंगापुरात अजून जिथे दफन करता येतं असं हे एवढंच ठिकाण उरलं आहे.

आपल्या जुन्या माणसांना ऐकून वाईट वाटेल, पण तिथल्या कित्येक कबरी दुसऱ्यांदा पुरलेल्या आहेत. सिंगापूरच्या यहुद्यांचं पहिलं कबरस्थान ऑर्चर्ड रोडवर होतं. १९८० च्या दशकात तिथे भुयारी रेल्वेचं स्टेशन करायचं ठरलं आणि अस्थी उकरून इकडे आणाव्या लागल्या. त्या स्टेशनचं नाव ऐका, धोबी घाट! आपल्याकडचेच धोबी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत, त्यावरून. दुसरं कबरस्थान थॉमसन रोडला होतं, तेही त्याच सुमारास हललं. बेट लहान, माणसं फार, जमीन पुरणार कशी, असं सरकारचं म्हणणं. १९९८ पासून नियमच झाला की कबर १५ वर्षांची, मग अस्थी काढायच्या, आणि ज्यांच्या धर्मात दहन चालत नाही त्यांच्या पुन्हा लहान जागेत पुरायच्या. २०१७ मध्ये शेजारचा तेंगाह हवाई तळ वाढवण्यासाठी चिनी आणि मुसलमान मिळून ८० हजारांवर कबरी हलवायचं जाहीर झालं. आपल्या धर्मात मेलेल्या माणसाची झोपमोड करू नये म्हणतात. तिथे उभं राहिलं की डोक्यावरून त्या तळावरची लढाऊ विमानं कानठळ्या बसवत जातात. झोपमोड म्हणायची ती तशीही होतेच.

या कबरस्थानात डेव्हिड मार्शल यांची कबर आहे. आम्ही मुद्दाम गेलो ते त्यांच्यासाठी.

जायच्या आदल्या रात्री आम्ही लोदला आमच्या एका जुन्या स्नेह्यांना फोन केला होता. भायखळ्याला आम्ही एका चाळीत राहत होतो. आता दोघंही ऐंशीच्या घरात. म्हटलं, उद्या मार्शल साहेबांच्या कबरीला जाणार आहोत. तर ते म्हणाले, “बगदादी ना? त्यांनी आपल्याला कधी आपलं म्हटलं? मुंबईत कबरस्थानातसुद्धा मध्ये भिंत घाला म्हणून अर्ज केला होता त्यांनी. तुम्ही कशाला जाता दगड ठेवायला?”

लहान वाचकांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगावं लागतं. १८३६ साली मुंबईतल्या बगदादी यहुद्यांपैकी काहींनी खरोखरच सरकारकडे मागणी केली होती की कबरस्थानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत असावी. कारण काय, तर आपलं यहुदीपण त्यांना पुरतं शुद्ध वाटत नव्हतं. पुढे शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, रंगूनच्या मशिदीत बेने इस्राएलांना मत देण्याचा हक्क आहे की नाही यावरून कोर्टात जावं लागलं. निकाल आपल्या बाजूने लागला, पण जावं तर लागलंच. आणि आपण इस्राएलमध्ये आल्यावरही लग्नाच्या बाबतीत शंका काढल्या गेल्या, १९६४ साली जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणं धरलं, तेव्हा कुठे क्नेसेतने सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत. ज्यांनी ते धरणं पाहिलं त्यांच्यातले काही हा अंक वाचत असतील. तेव्हा आमच्या स्नेह्यांचा राग काही हवेतला नाही. आम्हीही फोनवर वाद घातला नाही. पण गेलो. का गेलो ते सांगण्यासाठीच हा लेख.

डेव्हिड मार्शल यांचा जन्म १२ मार्च १९०८ चा, सिंगापूरचाच. वडील बगदादचे, व्यापारी. मूळ आडनाव मशाल, त्याचं इंग्रजी वळणाने मार्शल झालं. (आपल्याकडे ‘मशाल’ म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं! माणूस होताही तसाच, भडकणारा आणि उजेड देणारा.) घर कर्मठ, शब्बाथ-कश्रूत सांभाळणारं. वॉटर्लू स्ट्रीट, मिडल रोडच्या आसपास गरीब यहुद्यांची वस्ती होती, तिला महल्लाच म्हणत. युद्धाच्या आधी साऱ्या सिंगापुरात यहुदी असतील हजार-दीड हजार.

मुलगा हुशार, पण छाती अशक्त. मोठ्या शिष्यवृत्तीसाठी रात्रंदिवस अभ्यास केला आणि ऐन वेळी कोसळला. क्षय निघाला. हवा बदलायला स्वित्झर्लंडला पाठवलं. मग काही वर्षं कारकुनी केली, फिरता विक्रेता झाला, हे कर ते कर. वकिलीला वळेपर्यंत वय पंचविशीच्या पलीकडे गेलेलं. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले ते १९३७ साली. आपल्या घरातल्या ज्या मुलांचं मार्कांवरून गणित चुकलंय त्यांच्या आई-बापांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

परत आले आणि १९३८ साली स्वयंसेवक दलात भरती झाले. युरोपात हिटलर चेकोस्लोव्हाकिया गिळायला निघाला होता. क्षयातून उठलेला, नुकता बॅरिस्टर झालेला माणूस, कोणी जबरदस्ती केलेली नाही, आपणहून खांद्यावर बंदूक घेतो. कोर्टातला काळा झगा उतरवून संध्याकाळी कवायतीला जायचं, असा तो क्रम.

मग लढाई आली. ८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी सैन्य बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरलं, म्हणजे आमच्या लेकीच्या घरापासून काही मैलांवर. दुसऱ्या दिवशी तेंगाहचा विमानतळ गेला. चोआ चू कांगच्या रस्त्याने लढत लढत, मागे हटत, इंग्रजांची आणि ऑस्ट्रेलियनांची फौज शहराकडे सरकत गेली. १५ फेब्रुवारीला बुकित तिमाहच्या फोर्ड मोटारींच्या कारखान्यात शरणागतीवर सही झाली. जवळच क्रांजीला युद्धस्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा २४ हजारांहून अधिक जणांची नावं तिथल्या भिंतींवर कोरली आहेत, त्यात हिंदुस्थानी फौजेतली कितीतरी. आम्ही तिथे अर्धा दिवस घालवला. नावं वाचता वाचता मान दुखून आली.

मार्शल कैद झाले. आधी चांगीला. १९४३ मध्ये त्यांना जहाजात घालून जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेटावर सक्तमजुरीला नेलं. विचार करा, विषुववृत्ताजवळ जन्मलेला माणूस, एकेकाळी छातीचा रोगी, आणि कमरेइतकं बर्फ. अंगावर कैद्याचे कपडे, पोटात मूठभर भात. साडेतीन वर्षं ही कैद चालली, १९४५ च्या ऑगस्टपर्यंत. इकडे सिंगापुरात राहिलेल्या यहुद्यांचंही काही बरं नव्हतं. आधी दंडावर पट्टी बांधायची सक्ती, मग १९४३ साली पुरुषांना छावणीत टाकलं, पुढे बायका-मुलांनाही.

या कैदेने आपल्याला नम्रता शिकवली, असं मार्शल पुढे सांगत असत. माणूस किती क्रूर होऊ शकतो हे त्यांनी पाहिलं. आमच्या माहितीत सैन्यातून आलेले, कैद भोगलेले दोन-तीन जण होते. त्यातले एक उरलेलं सगळं आयुष्य खिडकीपाशी बसून राहिले, एक दारूत गेले. कोणाला नावं ठेवायची नाहीत. जे भोगलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण काही माणसं त्यातून भलत्याच मोकळ्या छातीने बाहेर पडतात.

इथे आपल्या समाजी हसाजी दिवेकरांची आठवण येते. शाळकरी पोरांनाही ही गोष्ट ठाऊक असते. कंपनीच्या फौजेतले सुभेदार, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. टिपूच्या आईने ‘बनी इस्राएल’ हे नाव ऐकलं, कुराणात आलेले ते हेच लोक म्हणाली, आणि जीव वाचला, असं आपल्याकडे सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधली, शाआर हारखमीम, म्हणजे दयेचं दार. सॅम्युअल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच. मार्शल साहेबांनी मशीद बांधली नाही. पण त्यांनीही सुटून आल्यावर पहिलं काम आपल्या माणसांचंच केलं. घरची मंडळी युद्धात ऑस्ट्रेलियाला गेली होती, त्यांना भेटून ते १९४६ साली परत आले. महल्ल्यातले लोक छावण्यांतून सुटलेले, घरं लुटलेली, धंदे बुडालेले. त्यांच्यासाठी त्याच वर्षी ज्युइश वेल्फेअर बोर्ड निघालं आणि मार्शल त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या दिवसांत पुष्कळ यहुदी सिंगापूर सोडून गेले. कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी इंग्लंडला, कोणी आपल्याकडे इस्राएलला. जाणं सोपं होतं आणि कारणंही होती. आपणही गेलो की! कोकणातली घाण्याची घरं, नारळाच्या वाड्या, मुंबईतल्या रेल्वेच्या नि पोस्टातल्या नोकऱ्या सोडून आलिया केली. आम्हाला कधी त्याचा पस्तावा झाला नाही. पण राहणाऱ्या माणसाबद्दल मनात एक कुतूहल राहतंच. मार्शल राहिले.

आणि राहिले ते कसे! तेरा-चौदा लाख वस्तीच्या, बहुतांशी चिनी असलेल्या बेटाचे ते पहिले मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९५५. त्यांच्या लेबर फ्रंटला २५ पैकी १० जागा मिळाल्या, आणि कोणाला वाटलं नव्हतं तो माणूस सर्वांत वरच्या खुर्चीवर आला. खुर्चीवर तरी कसला! इंग्रज गव्हर्नरने त्यांना बसायला खोलीसुद्धा दिली नाही. एम्प्रेस प्लेसला सरकारी कचेऱ्यांबाहेर एक झाड होतं, त्याला ‘जुनं ॲपलचं झाड’ म्हणत. (सिंगापूरच्या उकाड्यात ॲपल कुठलं यायला, पण नाव पडलं ते पडलं.) निवडणुकीच्या आधी मार्शल त्या झाडाखाली भर दुपारी उभे राहून कारकुनांना, हमालांना भाषणं देत. त्यांनी गव्हर्नरला सांगितलं, खोली देत नाही म्हणता? मग मी त्या झाडाखाली टेबल टाकून बसतो. तेव्हा धावपळ झाली आणि जिन्याखालची एक चिंचोळी खोली मिळाली.

बंद खोलीत रमणारा हा माणूसच नव्हता. उन्हात, वाऱ्यात, लोकांत. सूट-टायच्या जमान्यात अंगात बुश जॅकेट, तोंडात पाइप, भुवया झुडपासारख्या दाट, आणि आवाज असा की लाउडस्पीकरला काम नाही. आमच्या इमारतीच्या व्हॉइड डेकवर एक चिनी आजोबा बसत. त्यांना इंग्रजी बेताचं, आम्हाला चिनी अजिबात नाही. आम्ही नुसतं “डेव्हिड मार्शल” म्हटलं तर त्यांनी दोन बोटांनी आपल्या कपाळावर जाड भुवया काढून दाखवल्या आणि अंगठा वर केला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा मुख्यमंत्री, जेमतेम चौदा महिने राहिलेला!

त्या चौदा महिन्यांत त्यांनी दर आठवड्याला सामान्य लोकांना भेटायची पद्धत पाडली. ज्याला गाऱ्हाणं आहे त्याने यावं आणि सांगावं. सिंगापूरचे आमदार-खासदार आजही तशा भेटी घेतात. विधानसभेत इंग्रजीखेरीज मलाय, चिनी आणि तमिळमध्येही बोलता यावं हा निर्णयही त्यांच्याच काळातला, १९५६ चा. आपण मराठीचं हे पत्रक इतक्या दूर देशात चालवतो, तेव्हा या गोष्टीचं मोल आपल्याला सांगायला नको. आणि चीनमध्ये जन्मलेले दोन लाखांच्या वर लोक वर्षानुवर्षं सिंगापुरात राबत होते, पण नागरिक म्हणून त्यांना कोणी धरत नव्हतं. त्यांना नागरिकत्व मिळालंच पाहिजे हा मार्शल यांचा हट्ट. कायदा झाला तो १९५७ मध्ये, त्यांच्यानंतर आलेल्या सरकारच्या हातून.

ते जंगलाच्या तोंडाशीही जाऊन आले. मलायात कम्युनिस्टांचं बंड चालू होतं. त्यांचा पुढारी चिन पेंग रानात लपून लढत होता. १९५५ च्या डिसेंबरात बालिंग नावाच्या गावी तो रानातून बाहेर आला आणि तुंकू अब्दुल रहमान व मार्शल यांनी एका शाळेत बसून दोन दिवस त्याच्याशी बोलणी केली. जमलं नाही. लंडनला जाऊन पूर्ण स्वराज्य मागितलं, तेही जमलं नाही. आणलं नाही तर राजीनामा देईन असं म्हणून गेले होते. ७ जून १९५६ ला राजीनामा दिला. शब्द पाळून खुर्ची सोडणारे किती पाहिले आपण? आम्ही तरी बोटांवर मोजू.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही आमच्या स्नेह्यांचं न ऐकता कबरस्थानात गेलो.

राजीनाम्यानंतर काही महिन्यांत मार्शल चीनला गेले. ना मंत्री, ना वकील म्हणून, एक पाहुणा म्हणून. जवळजवळ दोन महिने फिरले. शांघायला त्यांना कळलं की तिथे सुमारे ४०० यहुदी अडकून पडले आहेत. मूळचे रशियाचे. एकेकाळी शांघाय म्हणजे यहुद्यांचं मोठं ठाणं होतं. बगदादी सासून आणि कदूरी घराणी तिथे गबर झाली, रशियातल्या क्रांतीनंतर पळालेले तिथे आले, हिटलरच्या भीतीने जर्मनी-ऑस्ट्रियातले हजारो निर्वासित आले. १९४९ नंतर बहुतेक निघून गेले. हे ४०० राहिले होते आणि आता त्यांना बाहेर जाण्याचा परवाना मिळत नव्हता. जवळ पैसा नाही, पाठीशी देश नाही, आणि तक्रार करावी तर कोणाकडे?

मार्शल यांच्या हातात काही सत्ता उरली नव्हती. त्यांचे हे कोणी नातलगही नव्हते. बगदादी तर नव्हतेच. रशियन, यिद्दिश बोलणारे, चालीरीती निराळ्या. मुंबईतल्या जुन्या बगदादी शेटजींच्या मापाने मोजलं तर “ते आपले नव्हेत” असं म्हणायला जागा होती. मार्शल थेट पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याशी बोलले. त्या लोकांना जाऊ द्या म्हणाले. आणि त्यांना जाऊ दिलं.

एवढीच गोष्ट आहे. चार ओळींत संपते. पण ४०० माणसं म्हणजे किती घरं, किती लग्नं, किती ब्रिथ मिला पुढे झाल्या असतील, याचा हिशेब आम्ही त्या दिवशी बसमध्ये करत होतो आणि तो काही पुरा झाला नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९५७ साली त्यांनी वर्कर्स पार्टी काढली. तो पक्ष आजही आहे, विरोधी बाकांवर बसतो. १९६१ ला एक पोटनिवडणूक जिंकले, १९६३ ला हरले आणि मग वकिलीत रमले. फाशीच्या खटल्यांतला त्यांच्याएवढा नावाजलेला वकील सिंगापुरात झाला नाही. ज्युरीसमोर ते बोलायला उभे राहिले की कोर्टात गर्दी व्हायची. १९६९ साली सरकारने ज्युरीच बंद केली, तेव्हा त्यांनी जोरात विरोध केला. उपयोग झाला नाही.

संसार त्यांनी उशिरा मांडला, आणि आम्हाला विचाराल तर त्यांच्या आयुष्याचा हा भाग सगळ्यांत गोड. १९६१ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जीन ग्रे या इंग्रज बाईंशी लग्न केलं. बाई समाजकार्य शिकवणाऱ्या, मोठ्या कर्तबगार. तीन मुली आणि एक मुलगा झाला. ज्या वयात आपल्याकडे लोक नातवाला खांद्यावर घेतात, त्या वयात हे बापलेकांचं घर. (लग्न इंग्रज बाईशी म्हणताच काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. आपल्या घराघरांतून आता कोण कोण सुना-जावई आहेत ते मोजा एकदा.)

हे कुटुंब पुष्कळ वर्षं चांगीच्या बाजूला समुद्राकाठी राहायचं. नाव ऐकून दचकायला होतं. ज्या चांगीला कैदी म्हणून नेलं होतं, त्याच चांगीच्या वाळूत त्यांची पोरं खेळली. आम्ही कोकणातले, समुद्र म्हणजे काय ते आम्हाला कळतं. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, त्यांची प्रेतं तिथेच पुरली, आणि तरीही आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच समुद्राकडे तोंड करून राहिली. समुद्राने काय केलं होतं ते विसरून नाही. त्या जागेला एकदा आपली म्हटलं की तिची वाईट आठवणसुद्धा घरातलीच होते. चांगीला बापाचा हात धरून लाटांत पाय बुडवणाऱ्या त्या पोरांना जागेचा इतिहास केव्हा कळला असेल, कोणी सांगितला असेल, असं आमची ही म्हणाली. त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

१९७८ साली, सत्तरीत, सरकारने त्यांना फ्रान्सला वकील म्हणून पाठवलं, म्हणजे राजदूत. त्यांचं आणि ली क्वान यू यांचं कधी पटलं नव्हतं, तरीही बोलावणं आलं आणि देशाचं काम म्हणून ते गेले. १५ वर्षं राहिले, पोर्तुगाल, स्पेन, स्वित्झर्लंडचंही काम पाहिलं. तरुणपणी जिथे क्षयाने आजारी होऊन पडले होते त्या स्वित्झर्लंडला राजदूत म्हणून! १९९३ ला घरी परतले. १२ डिसेंबर १९९५ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. वय ८७. ज्यांना जास्त वाचायचं आहे त्यांच्यासाठी केविन टॅन यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र २००८ साली निघालं आहे.

आम्ही गेलो तो रविवार होता. सकाळीच ऊन चढलं होतं. नातू बरोबर होता. दहा पुरुष नव्हते म्हणून कद्दिश म्हणता आला नाही, तेहिलीममधला एक अध्याय म्हटला. विमान आलं की थांबायचो, गेलं की पुढे म्हणायचो. नातवाने रस्त्याच्या कडेचे तीन दगड उचलून खिशात ठेवले होते. एक सबाचा, एक सबताचा, एक त्याचा. मग तो म्हणाला, चौथा पाहिजे, लोदच्या आजोबांचा. आम्ही म्हटलं, ते रागावतील. तर म्हणाला, त्यांना सांगायचंच नाही. ठेवला.

पण असल्या गोष्टी पोटात राहतात थोड्याच! घरी येऊन आम्ही फोटो पाठवला, चार दगडांचा, आणि शांघायची हकिकत सविस्तर कळवली. दोन दिवस काही उत्तर नाही. आम्हाला वाटलं, झाला अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. भिंतीबद्दल एक शब्द नाही, दगडांबद्दल नाही. म्हणाले, “त्या शांघायच्या लोकांतलं कोणी आपल्याकडे आलं असेल ना? अश्दोदला नाही तर हैफाला? कोणी तरी असेल अजून. शोधायला पाहिजे.”

तेव्हापासून ते शोधताहेत. लोदच्या मशिदीत विचारून झालं, बँकेत विचारून झालं, कुपात खोलीमच्या रांगेतसुद्धा एका रशियन म्हातारीला विचारलं. १९५६-५७ च्या सुमारास शांघायहून आलेलं कोणी, किंवा त्यांची मुलं-नातवंडं, कोणा वाचकाच्या माहितीत असतील तर कृपया संपादकांकडे नाव-पत्ता कळवावा. आमचे स्नेही स्वतः जाऊन भेटणार आहेत. मोनो-बिस्किटांचा डबा आत्ताच आणून ठेवला आहे, असं त्यांची सून सांगत होती.